यंत्राचे कारभारी आपणच का नसावे?

आमच्या वाचनालयातील एक कपाट कित्येक वर्षे कुलूपबंद होते. सीमाभागातून निघालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, नाट्यमंडळांच्या हस्तलिखित संहिता, शाळांची वार्षिके असा ऐवज त्यात होता. वाळवीने तो खाण्यापूर्वी पानापानाची छायाचित्रे काढून संगणकावर ठेवावीत असे कार्यकर्त्यांनी ठरवले. दोन उन्हाळे त्यात गेले. तयार झालेला संग्रह परगावच्या एका व्यावसायिकाकडे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चढवण्यात आला, आणि आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या वर्षी एके सकाळी संग्रहाचे पान उघडेना. व्यावसायिकाने धंदा गुंडाळला होता, त्याचा दूरध्वनी लागत नव्हता. आमच्यापाशी प्रत होती, पण अर्ध्याच संग्रहाची. उरलेली पाने पुन्हा टिपावीत म्हणून गठ्ठे सोडले, तेव्हा त्यांतील काहींचा हातातच भुगा झाला.

त्या व्यावसायिकाला बोल लावणे सोपे आहे. परंतु विचारांती आम्हांला आमचाच दोष अधिक दिसला. आम्ही संग्रह जमवला, त्याच्यासाठी वर्गणी काढली, उद्घाटनाचा समारंभही केला. तो संग्रह ज्या यंत्रावर वसत होता त्याचा कारभार कसा चालतो, हे मात्र आमच्यातील एकालाही ठाऊक नव्हते. मराठीच्या फलकासाठी, मराठीतून कागद मिळावा म्हणून आयुष्यभर अर्ज लिहिणारी आम्ही माणसे आपलीच मराठी परक्याच्या घरी भाडेकरू म्हणून ठेवून आलो होतो, आणि भाडेपावतीही नीट वाचली नव्हती.

म्हणून या लेखात आमचा एकच आग्रह आहे. बेळगाव असो वा मडगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा असो वा हैदराबाद, जिथे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या वसला आहे अशा प्रत्येक केंद्रात चार-पाच तरुणांनी लिनक्स यंत्रणेच्या कारभाराचे प्राथमिक ज्ञान मिळवावे, आणि ते मराठीतून मिळवावे. यातील ‘मराठीतून’ हा शब्द भावनेपोटी आलेला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी शब्दाविषयी. ‘सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशन’ याला पुस्तकी मराठीत ‘प्रणाली प्रशासन’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण तो कानी पडताच कचेरीची खिडकी डोळ्यांपुढे येते. आमच्या भाषेत याहून नेमका शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे कारभार. कारभारी हा धनी नसतो. धन्याच्या वतीने तो कोठार, दप्तर, चाकरमाने आणि हिशेब सांभाळतो. किल्ल्या त्याच्याकडे असतात आणि जाबही त्यालाच द्यावा लागतो. लिनक्स यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचे काम नेमके हेच आहे.

शब्द घडवण्याची हौस आम्हां मराठी माणसांना जुनी आहे, आणि ती हौस व्यर्थ नव्हती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव झाला. वडोद्यास सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांतील कोश करवला. ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या नावाने तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु या इतिहासाचा दुसरा भागही ध्यानी घ्यावा. सचिव हा शब्द आज आपल्या तोंडी आहे, आणि ज्याला हटवायचे होते त्या फारसी भांडारातील दप्तर, अर्ज, हुकूम, वसूल हेही आहेत. कोणता शब्द जगला हे कोशाने ठरवले नाही. ज्या शब्दातून रोजचे काम झाले तो जगला. संगणकाच्या मराठीचेही असेच होणार. परिभाषा समित्यांनी याद्या कराव्यात, परंतु त्या याद्यांतील शब्दांना जीव येईल तो कोणीतरी मराठी माणूस रात्री अकरा वाजता बंद पडलेला सर्व्हर सुरू करताना ते शब्द उच्चारील तेव्हा.

लिनक्सच का, असे कोणी विचारील. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक यंत्रणा लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याने पुढल्याच वर्षी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्याला येऊन मिळाली. या परवान्याचा मथितार्थ असा, की यंत्रणा कोणीही वापरावी, तिची रचना वाचावी, बदलावी, आणि बदललेली दुसऱ्याला देताना हेच स्वातंत्र्य पुढे द्यावे. अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून याच यंत्रणेवर चालतात. सीमेवरच्या एखाद्या वाचनालयातील, दोन जीबी स्मृतीचा, भंगारात जाऊ घातलेला संगणकही तिच्यावर चालतो. आमचा चालतो. त्यावर आम्ही डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवली आणि शनिवारी संध्याकाळी दहा-बारा मुलांना घेऊन शिकू लागलो. शिकवणाराही शिकतच होता.

आमच्या अनुभवात प्राथमिक कारभार चार प्रश्नांत मावतो: कुठे आहे? कोणाचे आहे? काय घडले? गेले तर काय?

‘कुठे आहे’ हा पहिला धडा. लिनक्समध्ये सी, डी अशा वेगवेगळ्या पेट्या नसतात. एकच वृक्ष असतो आणि त्याच्या मुळापासून सर्व फांद्या फुटतात. ‘होम’मध्ये माणसांच्या खोल्या, ‘ईटीसी’मध्ये यंत्रणेच्या मांडणीचे दप्तर, ‘व्हार’मध्ये रोज बदलणारा माल. मुलांना आधी ‘पीडब्ल्यूडी’ शिकवावी. मी या क्षणी कुठे उभा आहे, हे ती आज्ञा सांगते. मग ‘एलएस’ने आजूबाजूस काय आहे ते पाहावे आणि ‘सीडी’ने जागा बदलावी. आपण कुठे उभे आहोत हे न पाहता पुसण्याची आज्ञा देणारा कारभारी एके दिवशी सगळे घर धुऊन काढतो.

‘कोणाचे आहे’ हा दुसरा धडा. सातबारा पाहणाऱ्या घरातील मुलांना तो चटकन कळतो. प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट आणि बाकीचे जग असे तीन नातेवाईक असतात. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे, चालवणे हे तीन हक्क देता येतात किंवा नाकारता येतात. वाचण्याचे मोल चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचे एक. म्हणून ६४० म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने फक्त वाचावे, इतरांनी हात लावू नये. काही अडले की हक्क ७७७ करून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो; त्याचा अर्थ घराचे दार काढून ठेवणे. या सर्वांवर ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी असतो. शहाणा कारभारी त्याच्या नावाने वावरत नाही. गरजेपुरता ‘सुडो’ या आज्ञेने त्याचा अधिकार उसना घेतो. पहिल्यांदा सुडो वापरताना यंत्र सहसा तीन गोष्टी बजावते: दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखा, टंकण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकारासोबत मोठी जबाबदारी येते. हा उपदेश आम्ही मराठीत लिहून भिंतीवर लावला आहे, आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीलाही तो अधूनमधून उपयोगी पडतो.

तिसरा प्रश्न ‘काय घडले’. याविषयी एक प्रसंग सांगतो. एकदा नवी छायाचित्रे यंत्रावर चढेनात. दहावीतल्या एका मुलाने ‘डीएफ’ या आज्ञेने जागा तपासली; तबकडी काठोकाठ भरली होती. संग्रह तर तेवढा मोठा नव्हता. मग त्याने ‘व्हार’मधील ‘लॉग’ या कप्प्यात पाहिले. रात्री आपोआप चालणारे एक काम काही दिवसांपासून फसत होते आणि फसल्याची तक्रार तेथील एका फाइलीत अखंड लिहीत होते. त्या एका फाइलीनेच सगळी जागा खाल्ली होती. मुलगा म्हणाला, “सर, रोजकीर्दच एवढी फुगली, की कोठारात मालाला जागा उरली नाही.” त्याच्या आजोबांचे किराणा दुकान होते, रोजकीर्द हा शब्द तो तिथून घेऊन आला होता. आम्ही तोवर ‘लॉग’ला नोंदपंजी म्हणत होतो, आणि तो शब्द एकाही मुलाच्या तोंडी बसला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या वर्गात रोजकीर्द रूढ झाली. जुनी पाने ठरलेल्या मुदतीने गुंडाळून शेवटी टाकून देणारे ‘लॉगरोटेट’ हे साधनही त्यानंतर मुलांना चटकन समजले, कारण दुकानदार हेच करतो.

चौथा प्रश्न ‘गेले तर काय’. त्याचे उत्तर आम्ही मोल देऊन शिकलो. जाणती माणसे तीन-दोन-एक असा नियम सांगतात: ऐवजाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. ‘आरसिंक’ ही आज्ञा दोन ठिकाणांतील फरक तपासून तेवढेच बदललेले पाठवते. ‘क्रॉन’ ते काम ठरल्या वेळी आपोआप करवते. त्यावर आम्ही एक नियम जोडला आहे: दर महिन्याला राखीव प्रतीतून एखादी फाइल परत काढून उघडून पाहायची. जी प्रत कधी उघडली नाही ती आहे असे मानू नये.

एवढे सर्व इंग्रजीतूनही शिकता येते. मग मराठीचा आग्रह कशासाठी? आता ते कारण सांगतो.

आमच्या सूचीत ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द शोधला, तेव्हा मोजकेच मथळे हाती लागले. आम्हांला पाठ असलेले कितीतरी मथळे त्यांत नव्हते. पडद्यावर डोळ्यांना तर सर्वत्र तेच अक्षर दिसत होते. उकल अशी निघाली, की मराठीचा हा अर्धा, पापणीसारखा ‘र’ तीन वाटांनी लिहिला जातो. युनिकोडमध्ये ०९३१ या क्रमांकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. कोणी साध्या ‘र’ला नुक्ता जोडून तेच अक्षर साधतो. कोणी ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह वापरतो. डोळ्याला तिन्ही सारखेच, यंत्राला तीन निरनिराळे शब्द. वेगवेगळ्या कार्यकर्त्यांनी वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलेल्या सूचीत तिन्ही रूपे मिसळली होती. ‘सेड’ या जुन्या आज्ञेच्या दोन ओळींनी ती एका रूपात आणली, आणि हरवलेले शेतकरी परत आले.

दुसरे उदाहरण क्रमवारीचे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. यंत्राला निव्वळ क्रमांकांनुसार शब्द लावायला सांगितले, तर ‘ळ’ असलेले शब्द भलत्या जागी जातात आणि सूची चाळणाऱ्याला ते सापडत नाहीत. कोणत्या भाषेचे शब्द कोणत्या क्रमाने लावायचे, महिन्यांची नावे काय लिहायची, हे ‘लोकेल’ नावाच्या फाइलीत नमूद असते. भारतातील मराठीसाठी तशी वेगळी फाइल आहे, आणि ती कोणालाही उघडून वाचता येईल अशी साध्या मजकुराची आहे. तिसरे उदाहरण नावांचे. लिनक्समध्ये फाइलीला देवनागरी नाव खुशाल देता येते, परंतु प्रचलित रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे इंग्रजी नावाला २५५ अक्षरे आणि आपल्याला ८५ चिन्हे. त्यांतही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. नाटकाचे पूर्ण नाव, लेखक, मंडळ आणि साल एकाच नावात कोंबू पाहणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याला ही मर्यादा अकस्मात आडवी आली.

या तिन्ही अडचणी यंत्राने कळवल्या नव्हत्या. त्रुटीचा संदेश आला नाही, लाल दिवा लागला नाही. शोध चालत होता, क्रमवारी लागत होती. ती चुकीची आहे हे ओळखायला ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द आणि ‘ळ’ची जागा माहीत असलेला माणूसच हवा होता. उत्तम इंग्रजी जाणणारा, पण मराठी न वाचणारा तज्ज्ञ यांतील एकही दोष पाहू शकला नसता. आमचा आग्रह आहे तो एवढ्यासाठी: मराठी ऐवजाच्या यंत्राजवळ मराठी वाचणारा कारभारी हवा.

याला तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, नोकरी इंग्रजीतच मिळते. खरे आहे, आणि इंग्रजी शिकलीच पाहिजे. आज्ञांची मराठी भाषांतरे करा असे आम्ही म्हणत नाही. ‘एलएस’ला ‘एलएस’च राहू द्यावे. परंतु हक्क, मालकी, प्रक्रिया, राखीव प्रत या कल्पना एकदा मायबोलीत पक्क्या झाल्या, की इंग्रजी पुस्तिका भीती घालत नाही. ‘मॅन’ या आज्ञेने उघडणाऱ्या माहितीपानाची बांधणी ठरलेली असते: आधी नाव, मग वापराचा नमुना, मग वर्णन, चौकोनी कंसातले ऐच्छिक. ही बांधणी मराठीत समजावल्यावर आमची आठवी-नववीची मुले ती पाने शब्दकोश जवळ घेऊन वाचू लागली. मराठी येथे इंग्रजीच्या वाटेत आलेली नाही, तिने इंग्रजीपर्यंतची वाट करून दिली.

दुसरा आक्षेप, काळ्या पडद्यावर मराठी नीट उमटत नाही. हेही खरे. लिनक्सचा मूळ मजकुरी पडदा देवनागरीची जोडाक्षरे दाखवू शकत नाही, आणि खिडकीतल्या टर्मिनलमध्येही मात्रा पुष्कळदा विस्कटतात. आम्ही तोडगा काढला आहे: यंत्रणेच्या कप्प्यांना आणि आज्ञापत्रांना रोमन नावे, आणि सूची, वर्णने, टिपणे युनिकोड मराठीत. ही तडजोड आहे. ती मोडायची तर देवनागरी वाचणाऱ्यांनीच त्या प्रकल्पांत शिरून दुरुस्ती करावी लागेल, आणि यंत्रणा मुक्त असल्याने ते दार उघडे आहे.

तिसरा आक्षेप आमच्या माणसांकडूनच येतो: हे लढ्याचे काम नव्हे. आम्हांला तसे वाटत नाही. केरळाने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला, पुढे सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणले, आणि मल्याळम माध्यमाची मुले लिनक्सवर शिकली. त्यामागे राज्यशासन होते. आपल्यामागे शासन नसेल, पण वाचनालये, मंडळे, गणेशोत्सवाच्या समित्या आहेत. आणि हे काम कोणाविरुद्ध नाही. आमच्या वर्गात शेजारच्या कन्नड शाळेतील दोन मुले येतात. कारभार आणि दप्तर हे शब्द त्यांच्या घरीही चालतात, त्यामुळे समजावताना अडत नाही. ‘सुडो’ दोघांनाही सारखाच परका. ती मुले उद्या आपल्या भाषेचा ऐवज सांभाळतील, तर त्यात आपले काय गेले?

शेवटी एक ठोस सूचना करतो. प्रत्येक केंद्राने एक जुना संगणक, एक नवी तबकडी आणि दोन शिकाऊ कारभारी एवढी तयारी करावी. दोन यासाठी, की एक जण नोकरीस परगावी गेला तर किल्ल्या दुसऱ्याकडे राहाव्यात. पहिले तीन महिने यंत्र इंटरनेटला उघडे न ठेवता घरातल्या घरात चालवावे. चुका तिथेच करून घ्याव्यात. ‘ॲप्ट अपडेट’ फक्त यादी ताजी करते आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ प्रत्यक्ष सुधारणा बसवते, हा फरक अंगवळणी पडावा. यंत्राच्या मांडणीत केलेला प्रत्येक बदल तारखेसह मराठीत एका वहीत लिहावा. पुढच्या कारभाऱ्याचे तेच पाठ्यपुस्तक. मग दोन केंद्रांनी जोडी जमवावी. इंदूरच्या ऐवजाची एक प्रत बेळगावात, बेळगावची वडोद्यात, वडोद्याची हैदराबादेत. रात्री ‘एसएसएच’च्या बंद वाटेने आरसिंक चालावे आणि सकाळी दोन्हीकडच्या रोजकिर्दीत ‘प्रत पोचली’ अशी ओळ दिसावी.

आमच्या कपाटातला जो भुगा झाला तो आता भरून निघणार नाही. त्यात एका साप्ताहिकाचे अकरा अंक होते. ते इतरत्र कुठे असल्याचे अजून आढळलेले नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी पाने असतील, तर त्यांची छायाचित्रे काढाच. परंतु ती कोणाच्या यंत्रावर ठेवणार आणि त्या यंत्राच्या किल्ल्या कोणाकडे राहणार, हे त्याच दिवशी ठरवा.